शेवटचा फर्मा

किसना, तुला पोचवून आलो त्याला आज अठरा दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मला ते लगेच जमणार नाही. कापसाच्या बाजारात पंचवीस वर्षं काढलेला माणूस आधी मालात खोट काढतो, मग हात लावतो. तुझ्या बाबतीत मी तेच करणार आहे.

पहिली खोट तुझ्या अंगणातली. त्या दिवशी निम्मं सिंदी गाव तिथे जमलं होतं. हेडमास्तर रडत होते. वाचनालयाचे चिटणीस तर उपरण्यात तोंड घालून रडत होते, आणि येईल त्याला सांगत होते, "किसनराव म्हणजे माझा उजवा हात." मी मागे निंबापाशी उभा होतो. वाईट वाटत होतं, पण त्याच्याही आधी मला त्या चिटणिसाचा हेवा वाटला. त्याला तुझ्याबद्दल काय ठाऊक होतं? वाचताना हसू येण्याआधी तू नाकाने बारीक श्वास ओढतोस, हे ठाऊक होतं का? तुझ्या अंगणात पुढे उभं राहून रडायचा पहिला हक्क माझा होता. पण अकरा महिने मी तुझा उंबरा ओलांडला नव्हता, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून मागे राहिलो. तुझ्यापाशी मी नेहमी दुसरा असायचो. त्या दिवशी दुसराही नव्हतो.

हे सगळं एका पुस्तकावरून झालं, आणि तेही आपल्या मालकीच्या नसलेल्या.

तुला आठवत असेल, माझं येणं सुरू झालं ते उन्हाळ्यामुळे. चैत्र सरता सरता बाजार संपतो. सरकी वेगळी करायचे जिन बंद, गाड्या बंद, दलालाला काम नाही. मी घरी बसलो की बायकोशी भांडतो आणि बाहेर पडलो की कोणाशीही. तुझं उलट. बाकीचं वर्षभर तू कचेरीची रजिस्टरं आणि शाळेच्या वह्या बांधायचास. उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की वाचनालय आपली फाटकी पुस्तकं पोत्यात भरून तुझ्याकडे पाठवायचं. स्टेशनच्या रस्त्यावरच्या तुझ्या त्या खोलीत दाराला ओलं तरट, कोपऱ्यात माठ, आणि सगळीकडे खळीचा वास. खळ तू गव्हाच्या पिठाची शिजवायचास आणि कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायचास. पुस्तकाच्या पाठीवर ती वाळली की हिरवट निळी दिसायची. सिंदीच्या उन्हात बाराच्या पुढे त्या खोलीसारखी जागा नव्हती.

मी वाचायला शिकलो ते कापसाच्या गाठींवरच्या छापांवरून. बाराव्या वर्षी जिनात सरकी उचलायला लागलो तेव्हा एक अक्षर येत नव्हतं. गाठीवर काय लिहिलंय ते कळलं नाही तर मुकादम कानाखाली द्यायचा, म्हणून शिकलो. ओठ हलवल्याशिवाय मला आजही वाचता येत नाही. तू मात्र नजर फिरवल्यासारखं वाचायचास. पहिल्या दिवशी मी तुझ्या पुढ्यातलं एक सुटं पान उचललं तेव्हा तू म्हणालास, "शेठ, ते मधलं पान आहे. सुरुवातीपासून वाच ना."

"सुरुवात कुठी आहे?"

"हे घे. माझं वाचून झालं."

तशी आपली रीत पडली. जुनं पुस्तक बांधायचं तर तू आधी त्याची शिवण उसवायचास. पुस्तकाचे फर्मे सुटे व्हायचे, एकेक सोळा पानांचा. बांधायच्या आधी तू ते वाचायचास. एक फर्मा वाचून झाला की माझ्याकडे सरकवायचास आणि पुढचा हातात घ्यायचास. म्हणजे एकच पुस्तक आपण दोघे एका वेळी वाचत होतो, तू पुढे आणि मी सोळा पानं मागे.

ज्याने असं वाचलं नाही त्याला त्याची मजा सांगता येणार नाही. फर्मा काही प्रकरण बघून संपत नाही. सोळावं पान संपलं की तो संपतो, मग वाक्य अर्धं का असेना. 'तिने दाराची कडी काढली आणि' इथे माझा फर्मा संपायचा, आणि कडी काढल्यावर काय झालं ते तुझ्या हातात असायचं. मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचो. तू नाकाने श्वास ओढलास की समजायचं, पुढे हसू आहे. तू कपाळावर हात नेलास की समजायचं, कोणीतरी मरणार.

"काऊन हासून राह्यला बे?"

"काही नाई."

"सांग ना."

"सांगितल्यावर तू वाचशील काय? उन्हाळा लंबा आहे, दौलत्या. धीर धर."

धीर धर. पंचवीस वर्षांत मला असं म्हणून जिवंत सुटलेला तू एकटा. मला तुझा इतका हेवा वाटायचा की कधीकधी छापलेलं पुढे सरकायचं नाही. मी जे वाक्य पहिल्यांदा वाचत होतो ते तुझ्या खिशात आधीच जाऊन बसलेलं होतं. कोणी उष्टं दिल्यासारखं वाटायचं. तरी दुसऱ्या दिवशी जेवण अर्धं टाकून यायचो.

एकदा, आठवतं, मी पाणी घ्यायला उठलो तर आतल्या चुलीपाशी एक फर्मा पडलेला दिसला. मला वाटलं रद्दी म्हणून घेतला असेल. मी मोठ्याने म्हणालो, "काऊन वहिनी, कादंबरी चूल पेटवाले घेतली का वाचाले? बायका वाचाले लागल्या तर भाकरी कोण थापन?" वहिनी तो फर्मा उचलून आत गेल्या. माझी मस्करी मला तेव्हा फार चांगली वाटली होती. तू हसला नाहीस, हेही पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला गेलो नाही.

मग गेल्या वैशाखात ते पुस्तक आलं. वरचा पुठ्ठा नव्हता, पहिली चार पानं नव्हती, त्यामुळे नाव कळायचा प्रश्नच नाही. आपण त्याला 'सुट्टीचं पुस्तक' म्हणायला लागलो. पंधरा वर्षांचा एक मुलगा, शंकर, परीक्षा देऊन आत्याच्या गावी येतो. आत्याच्या सासऱ्यांची नदीच्या वाळूत डांगरांची, म्हणजे खरबुजांची वाडी असते. त्याला तिथे राखणीला बसवतात. वाडीच्या खाली डोह. डोहाच्या काठावर नावाड्याची मुलगी, चंद्री, त्याच्याहून वर्षाने मोठी आणि मासोळीसारखी पोहणारी. बस, एवढंच. एक उन्हाळा. कोणी कोणाला मारत नाही, खजिना सापडत नाही. डांगरं पिकतात, म्हातारा खोकतो, मुलाचा आवाज फुटतो, मुलगी त्याला पोहायला शिकवते. मी पहिल्या फर्म्याला म्हणालो, "ह्याच्यात काही माल नाई." तिसऱ्या फर्म्याला माझं बोलणं बंद झालं.

बाहेर रस्त्यावर डांबर पातळ होत होतं आणि मी त्या वाळूत पाय रोवून बसलो होतो. सकाळची वाळू कशी गार असते, कोवळ्या डांगरावर लव कशी असते, पहिल्यांदा डोक्यावरून पाणी गेलं की कानात कसा आवाज होतो, सगळं त्यात होतं. त्या पोराला रोज उठल्यावर काही काम नव्हतं. नुसतं मोठं व्हायचं होतं. कोणाला पंधराव्या वर्षी असा उन्हाळा मिळतो, हेच मला पुस्तकातून कळलं. माझ्या पंधराव्या उन्हाळ्यात मी जिनात होतो. छातीत कापसाची धूळ, पायाखाली सरकीची रास. मोठा झालो ते कधी झालो हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, मलाही सांगता येणार नाही.

आणि तू काय म्हणावंस? "हे असंच असते बे. माया मामाच्या गावी वर्धेच्या पात्रात डांगरवाडी होती. मी चार उन्हाळे गेलतो. डोहात खालचं पाणी बर्फासारखं लागते."

म्हणजे पुस्तकातही तू माझ्या पुढे, आणि पुस्तकाबाहेरही. तुला चार उन्हाळे मिळाले होते. मग तू विचारलंस, "तू पोहला असशील ना?"

मी म्हणालो, "पोहलो तर. लय."

किसना, मला पोहता येत नाही. मी कमरेच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू पुढे काही विचारलं नाहीस. नुसतं बघितलंस आणि पुढचा फर्मा सरकवलास.

त्या पोरानेही तेच केलं होतं. चंद्रीला म्हणाला, मी डोहाच्या तळाला हात लावून आलो. खोटं बोलला. अर्ध्यातूनच वर आला होता. तिने लगेच काही म्हटलं नाही. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "उद्या जाशील. आज माझ्यासमोर बुडी मार आणि तळाची मूठभर माती घेऊन ये." आणि शेवटून दुसरा फर्मा असा संपला: 'त्याने छातीभर श्वास घेतला, डोळे मिटले, आणि'

संध्याकाळ झाली होती. शेवटचा फर्मा शिवायच्या पाटावर दगडाखाली होता. त्या दुपारी पुठ्ठे कापण्यात गुंतल्यामुळे तूही तो अजून वाचला नव्हतास. त्या खोट्या पोराचं काय होतं ते मला तुझ्याआधी वाचायचं होतं. त्याची लबाडी पकडली गेली तर तेव्हा तुझे डोळे माझ्यावर नकोत, एवढंच. हे कारण तुला तेव्हा सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण दलाल कारण सांगत नाही. मी म्हणालो, "हा फर्मा पहिले मी वाचीन. सौदा कर."

तू हसलास. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला. बाजारात आता उघडी बोली होते, पण आम्ही जुने लोक अजून दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबतो. कोणतं बोट धरलं, किती धरली, त्यावर भाव ठरतो. कागद नाही, साक्षीदार नाही, तोंडाने शब्द नाही. म्हणूनच तिथे दिलेला शब्द कोणी मोडत नाही. मोडला तर त्या माणसाच्या हातात पुन्हा कोणी हात देत नाही. ही रीत मीच तुला शिकवली होती.

बदल्यात मी देणार होतो गुमान बसणं. जितकी बोटं ठरतील तितकी पुस्तकं मी कुरकुर न करता मागून वाचीन, 'काऊन हासला' विचारणार नाही. तू माझी पाच बोटं धरलीस. मी एक दिलं. तू चार धरलीस. मी दोन दिली. आतून वहिनींचा आवाज आला, "दुपट्ट्याखाली काय चालू आहे?" तू म्हणालास, "शेठ चूप बसाचे भाव करून राह्यले." तीन बोटांवर सौदा पटला. तीन पुस्तकं. तुझा हात खळीने खरबरीत होता आणि तू माझी तीन बोटं जरा जास्तच वेळ धरून ठेवलीस.

दुसऱ्या दिवशी मी अकरालाच आलो. दगड बाजूला होता. फर्मा पाटावर उघडा, पहिल्याच पानाचा कोपरा दुमडलेला, आणि समासात वाळत आलेला अंगठ्याचा ठसा. पिठाचा.

मी बघितलं आणि डोकं फिरलं. तुझ्या खोलीत पिठाचा अंगठा दुसऱ्या कोणाचा असणार? मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, रस्त्यावरच्या लोकांनी ऐकलं आहे. बेइमान म्हणालो. दुपट्ट्याखालचा शब्द खाणारा म्हणालो. तू दोनदा म्हणालास, "मी नाई वाचला, दौलत्या." तिसऱ्यांदा काही बोलला नाहीस. नुसता आपला उजवा हात पुढे केलास, पंजा उघडून, आणि दुपट्ट्याकडे मान हलवलीस. म्हणजे हात दे, बोटांवरून ओळख. पंचवीस वर्षं मी माणसांची बोटं वाचून पोट भरलं. बोट धरलं की समोरचा खोटं बोलतो का खरं, मला कळतं. त्या दिवशी मी हात दिला नाही. फर्मा तुझ्या अंगावर फेकला आणि म्हणालो, "तूच वाच आता. मी जिंदगीत वाचणार नाई."

आणि गेलो.

त्यानंतर तू मला तीनदा भेटलास. पोळ्याच्या दिवशी मारुतीच्या पारापाशी. तू विचारलंस, "वाचलं का बे?" मी तोंड फिरवलं. मग दिवाळीच्या आधी, बाजार सुरू झाल्यावर, भर काट्यापाशी, चार लोकांत. "वाचलं का?" मला वाटलं तू डिवचतोयस. तुझं वाचून झालंय आणि माझं नाही, ते दाखवतोयस. मी म्हणालो, "तुले काय करायचं आहे? आपलं काम कर." शेवटचं होळीनंतर, स्टेशनवर. तू खंगला होतास, पण मी विचारलं नाही. गाडी आली, तू चढताना वळून म्हणालास, "पुस्तक वाचनालयातच आहे. येजो दुपारचा, वाचलं की." मी म्हणालो, "मले टाइम नाई."

आता ऐक, मला काय कळलं ते.

तुझी तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी मी तुझ्या घरी गेलो. दुपारी, नेहमीच्या वेळेला. ओलं तरट नव्हतं. वहिनी आत होत्या. मी नेहमीच्या जागी बसलो, पाटाच्या या बाजूला. त्यांनी पाणी आणलं आणि उभ्याच राहिल्या.

"भाऊजी, वाचलं का?"

पाण्याचा गडवा मी खाली ठेवला. मी म्हणालो, "तुमाले कोणं सांगितलं हे विचाराले?"

"कोणं सांगाव लागते? तो अंगठा माया होता."

 त्या खाली बसल्या.

"कणीक मळून राह्यली होती मी. त्या पोरानं पाण्यात बुडी मारली आणि तुमी दोघं सौदा करून उठले. मले रातभर चैन नाई. सकाळी हे पाण्याले गेलते, मी म्हणलं एक पान वाचून पाहू, मंग ठेवून देऊ. सोळाही वाचले. हात धुवाचीबी आठवण नाई राह्यली."

"तुमी वाचता?"

"लग्नात आली तवा नाई येत होतं. त्याईनं शिकवलं. तुमचं वाचून झालं का तो फर्मा मी घेत होती. तुमी सोळा पानं मागं, मी तुमच्या मागं सोळा पानं. तुमी हासले का मले आतून आयकू ये. मी म्हणे, आता माया फर्म्यात काय येते का नाई." मग खाली बघत म्हणाल्या, "तुमी ते भाकरीचं बोलले ना, तवापासून मी त्याईले सांगून ठेवलं होतं, भाऊजीले सांगजा नोका. त्याईनं शब्द देल्ला होता."

म्हणून तू तिसऱ्यांदा बोलला नाहीस. मला दिलेला शब्द तू मोडला नव्हतास, आणि तिला दिलेला मोडता येत नव्हता. दोन्ही शब्द धरून तू उघडा पंजा पुढे केलास.

मी विचारलं, "पण मंग त्यानं नंतर तरी वाचला असन."

वहिनींनी मान हलवली. "नाई. म्हणत, सौदा झाला आहे. पहिले दौलत वाचन. मी म्हणलं, मी सांगू का काय झालं ते? कानावर हात ठेवला. आजारातबी म्हणलं, आता तरी सांगते. म्हणाले, येईन तो. त्याचा राग मोठा आहे, पण लंबा नाई."

माझा राग लांब निघाला, किसना. तुझ्या आयुष्यापेक्षा लांब. तू मला 'वाचलं का' विचारत होतास ते डिवचायला नाही. तुला तुझी पाळी पाहिजे होती. तो पोरगा अकरा महिने डोळे मिटून पाण्यात होता आणि त्याला वर काढायचं माझ्या हातात होतं. तू काठावर बसून राहिलास. मग गेलास.

मी तिथून उठून थेट वाचनालयात गेलो. चिटणीस काही विचारायला लागले, मी बघितलं तसे गप्प झाले. पुस्तक मिळालं. तुझी बांधणी, नवा पुठ्ठा, खाकी कापड. तिथेच बाकावर बसून उघडलं आणि शेवटी गेलो. सगळे फर्मे तू पक्के शिवले होतेस, चार चार भोकं, मेणाचा दोरा. शेवटच्याला फक्त एक कच्चा टाका. ओढला की सुटेल असा. चिटणिसाला आजपर्यंत पत्ता नाही.

अंगठा तिथेच होता. पिठाचा, वाळलेला, पिवळसर पांढरा. पाठीवर तुझी खळ, हिरवट निळी. मी दोन्ही जवळ धरून बघितलं. मी कापसाची चिमूट बघून सांगतो की गाडी कोणत्या गावची आणि काल त्यावर पाणी मारलं का नाही. माझा धंदा तोच आहे. आणि मला त्या दिवशी मोरचूद नसलेलं पीठ दिसलं नाही. मी बघितलंच नव्हतं. तू चोर आहेस हे मी बघण्याआधी ठरवलं होतं, कारण बारा उन्हाळे तू माझ्या पुढे होतास आणि एकदा तरी तू खाली यावंस असं मला वाटत होतं. ही माझ्या मालातली खोट. मीच काढली म्हणून लिहून ठेवतो.

मी टाका ओढला. फर्मा खिशात घालून तुझ्या खोलीत आलो. वाचनालयाचा माल नेला म्हणून कोणाला बोलायचं असेल तर माझ्याकडे यावं. पाटापाशी बसून वाचला, ओठ हलवत. सोळा पानांना दीड तास लागला. वहिनी दाराच्या आत बसल्या होत्या. मी वर बघितलं की त्या माझ्या तोंडाकडे बघत असायच्या. कुठल्या ओळीला आलोय ते त्यांना तोंडावरून कळत होतं. एका जागी मी थांबलो तर म्हणाल्या, "नखापाशी आले ना?"

मला त्यांचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू. मी पहिला वाचणार होतो आणि त्या अकरा महिने आधीच वाचून बसल्या होत्या. पण मग त्या म्हणाल्या, "अकरा महिने मले कोणाशी बोलता नाई आलं, भाऊजी. त्याईले सांगता येत नव्हतं, तुमी येत नव्हते." पुढे जाऊन एकट्याने बसणं काय असतं ते मला आजवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं पुढे सगळी मजाच असते.

तर आता ऐक. कानावर हात ठेवू नकोस, सौदा पुरा झाला आहे, मी वाचला आहे.

'त्याने छातीभर श्वास घेतला, डोळे मिटले, आणि' पाण्यात गेला. खाली बर्फासारखं गार. तू म्हणाला होतास तसंच. एकदा वाटतं परत फिरावं, पण ह्या वेळी तो फिरत नाही. तळाला हात लागतो. मूठ भरतो. वर येताना दम संपतो, हातपाय मारतो, आणि पाण्याबाहेर डोकं काढून काठावर येऊन चंद्रीसमोर मूठ उघडतो. मूठ रिकामी असते. सगळी माती येताना धुऊन गेलेली.

तो काही बोलत नाही. खरं सांगितलं तरी कोण मानेल, आधी एकदा खोटं बोललेला. मग ती त्याचा हात धरते, उलटा करते आणि नखं बघते. नखांत काळा चिखल. ती म्हणते, "गेलतास खरा." एवढंच. दुसऱ्या दिवशी तो परत जायला निघतो. आत्या म्हणते हात धुऊन जेव, तर तो उजवा न धुता डाव्या हाताने जेवतो. इथे पुस्तक संपतं.

तिने हात धरून बघितला, किसना. ती सोळा वर्षांची नावाड्याची पोर होती आणि तिला ते सुचलं.

वहिनी म्हणाल्या, हा फर्मा आता परत शिवावा लागेल. मी म्हणालो, मी शिवतो, तुम्ही खळ शिजवा, मोरचूद टाकून. त्यांना शिवण येते, मला नाही. पहिल्या भोकात सुई माझ्या बोटात गेली. मग थांबलो, अजून शिवला नाही. पाटावर तुझ्या बाजूला ठेवला आहे, दगडाखाली. वाचनालयाची अजून दोन पोती तशीच पडली आहेत. वहिनी ती बांधणार आहेत. त्यांच्यामागे मी वाचीन, आणि तीन पुस्तकं कुरकुर न करता वाचीन, ठरल्याप्रमाणे.

ह्या एका पुस्तकात वहिनी पहिल्या, मी दुसरा, आणि जन्मात एकदा तू माझ्या मागे आलास. मला वाटलं होतं, ह्यात फार मजा येईल.

मला पोहता येत नाही, हे तुला ठाऊकच असेल.

वाचलं बे. घे, आता तुझी पाळी.